डावं पान घरचं, उजवं पान माझं

साळवे सर आमच्या हायस्कुलात येण्याआधी कवितेचं रसग्रहण ही आमच्या लेखी पाढ्यांसारखी पाठ करायची गोष्ट होती. वर्गात गाईड एकच, तेही किराणा दुकानदाराच्या सुनंदाकडे. तिचे वडील जालन्याला माल भरायला जात तेव्हा ते घेऊन आले होते. सुनंदा ते कुणाला हातात देत नसे, स्वतः बाकावर उभी राहून वाचे आणि आम्ही उतरवून घेत असू. कविता कोणतीही असो, आईवरची, झाडावरची नाहीतर देशावरची, कवीने समर्पक शब्दांत आपल्या उत्कट भावना व्यक्त केलेल्या असत आणि शेवटी ती कविता मनाला भिडतच असे. चाळीस वह्यांत चाळीस जणांच्या मनाला भिडे. आधीचे गुरुजी लाल रेघ मारून सही करत. मला तर नववीपर्यंत वाटायचं की कवी लोक वर्षातून एकदा एकत्र जमत असतील आणि सगळ्यांनी मिळून एकच भावना ठरवत असतील.

आमचं गाव घनसावंगीच्या रस्त्यावर, पण तेव्हा आमचा तालुका अंबड होता. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, आणि पत्र्याला लागूनच काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडगा. वाडगा मोठा की घर मोठं, असं कुणी विचारलं तर वाडगा मोठा. माझा दादा, म्हणजे बाप, आमच्याकडे बापाला दादाच म्हणत आणि अरेतुरेच करत, पन्नासेक मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन रानोमाळ जायचा, शेतकऱ्यांच्या मोकळ्या वावरात कळप बसवायचा, त्याबदली ज्वारी घेऊन यायचा. गावाजवळ असला तर संध्याकाळी घरी, लांब असला तर आठ आठ दिवस पत्ता नाही. माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि घरी आली की चरख्यावर लोकर कातायची. त्या चरख्याची घरघर, मेंढरांचं रवंथ करताना होणारं चुळूक चुळूक, पिठाच्या गिरणीची पुकपुक आणि चुलीवर येसराची आमटी उकळायला लागली की येणारा तो नाकात घुसणारा वास, एवढ्यात माझा अभ्यास व्हायचा. मेंढी व्याली की पहिल्या दुधाचा चीक माय गूळ घालून वाफवायची. त्याच्या वड्या मी शाळेत कधीच नेल्या नाहीत. सुनंदाने एकदा माझ्याजवळ बसताना ओढणी नाकाला लावली होती, तेव्हापासून घरातली कोणतीच गोष्ट मी शाळेत नेत नसे. आता मी जालन्यात राहते, तिथे त्या वड्या किती शोधल्या, कुठे मिळत नाहीत. मिळाल्या तर सगळ्यांसमोर खाईन.

साळवे सर अंबडकडचे, बारीक अंगाचे, कायम बाह्या दुमडलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या वह्या तपासायला घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या तशाच परत आणल्या. म्हणाले, "मी एकच वही वाचली. बाकीच्या वाचायची गरज नाही पडली." मग खडू घेतला आणि फळ्याशेजारच्या भिंतीवर, फळ्यावर नव्हे, भिंतीवर, एकाखाली एक शब्द लिहिले. सुंदर, अप्रतिम, हृदयस्पर्शी, भावपूर्ण, समर्पक, उत्कट. "हे शब्द आजपासून सुट्टीवर. त्यांना फार काम पडलंय." मुलं हसली. सरांनी मागच्या बाकावरच्या रफीकला उभं केलं.

"काल रात्री काय खाल्लं?"

"भाकर, सर."

"कशी होती?"

"चांगली होती."

"चांगली म्हणजे? करपलेली, कच्ची, जाड, पातळ, शिळी?"

रफीकने जरा विचार केला. "एका अंगानं करपली होती. अम्मी भांडून राह्यली होती ना चुलीपाशी, तिचं ध्यान नव्हतं."

"बघा," सर म्हणाले, "आता मला भाकर पण दिसली अन् अम्मी पण दिसली. कवितेबद्दल असंच लिहायचं. बसा."

त्यानंतर सरांनी जी पद्धत लावली ती मी नंतर स्वतः शिक्षिका झाल्यावर उभी हयात वापरली, आणि माझ्या नावावर खपवलीही, हे इथे कबूल करून टाकते. नवी कविता आली की सर ती शिकवायचेच नाहीत. आधी घरी न्यायची. घरात ज्याला वाचता येत नाही अशा माणसाला दोनदा मोठ्याने वाचून दाखवायची आणि तो जे बोलेल ते वहीच्या डाव्या पानावर जसंच्या तसं उतरवायचं. आपल्या मनाने एक अक्षर घालायचं नाही. मग उजव्या पानावर आपलं म्हणणं लिहायचं, आणि ते कवितेतल्या कोणत्या ओळीवरून म्हणतोय ते दाखवायचं. डावं पान घरचं, उजवं पान माझं. सरांचे वडील शाळेत गेलेले नव्हते. लहानपणी सर त्यांना पेपर वाचून दाखवत आणि वडील प्रत्येक बातमीला उलटा प्रश्न विचारत. "मराठी मी त्यांच्याकडून शिकलो, कॉलेजात नुसती परीक्षा दिली," असं सर म्हणायचे. आमच्या गावात वाचता न येणारी माणसं घरटी दोनतीन होती, त्यामुळे सामान कमी पडलं नाही.

पहिल्या खेपेला विहिरीतल्या चंद्रावरची एक कविता होती. रफीकच्या डाव्या पानावर त्याच्या अम्मीचं एकच वाक्य होतं. "बावडी में चाँद देख्या वो ठीक, पानी कित्ता था वो देख्या क्या?" वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पूर्ण तास आम्ही त्या विहिरीत पाणी किती असेल यावर भांडलो. कवितेत दोर सोडल्याचा उल्लेख होता, तो किती वेळ सुटत होता, बादलीचा आवाज कितव्या ओळीत येतो, असं मोजत बसलो. तास संपला तेव्हा ती कविता आम्हा सगळ्यांना पाठ झाली होती आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आज माझ्याकडे शिकवणीला गल्लीतली दोन पोरं येतात, मोबाइलवर बोट फिरवून तयार रसग्रहण काढून दाखवतात. शुद्धलेखन निर्दोष, भावना उत्कट. मला सुनंदाचं गाईड आठवतं आणि मी त्यांना घराखालच्या कपड्याच्या दुकानातल्या हमालकाकांकडे कविता घेऊन पाठवते. पोरं कुरकुरत जातात, हसत वर येतात.

तर मेंढरांची कविता. पुस्तकात ती पावसाळा संपता संपता आली. कवीचं नाव मला आठवत नाही, आठवलं तरी सांगणार नाही, कारण बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. संध्याकाळी एक धनगर रानातून परततोय, त्याच्या खांद्यावर नुकतं जन्मलेलं पिलू आहे, मागून पिलाची आई ओरडत धावतेय, तिच्यामागे सगळा कळप. कवीला धनगराच्या खांद्यावर माया दिसली होती आणि मेंढीच्या ओरडण्यात आईपणाचं गाणं ऐकू आलं होतं. कविता वाचताना माझं तोंड गरम झालं. वर्गात सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. पुस्तकात आमचं घर आलं होतं, आणि चांगलं दिसत होतं.

त्या संध्याकाळी दादा घरीच होता. वाडग्याच्या तोंडाशी बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मी शेजारी उकिडवी बसले आणि दोनदा कविता वाचली. दादाने काटा काढला, खुरावर हळद दाबली, मेंढी सोडली, आणि मग म्हणाला, "हे लिहिणारा मेंढरांमागं चालला न्हाई कधी."

"कामून?"

"माया कशाची? ओढा आडवा आला का मेंढरं अडून राह्यतात. कितीबी हाणा, पाण्यात पाय न्हाई घालत. मंग एक पिलू उचलायचं अन् आपण पुढं व्हायचं. त्याची माय येती मागं. ती आली का बाकीच्या येतात. युक्ती हाये ती, बाप्पा."

"अन् मेंढी ओरडती ते?"

"ती गाणं न्हाई म्हणत. मला शिव्या देऊन राह्यली ती." दादा स्वतःच्याच बोलण्यावर हसला. मग उठता उठता म्हणाला, "अन् नर असला तर बाजारात जातो तो, चार महिन्यांनी. त्ये लिहिलं का त्यानं?"

मी सगळं डाव्या पानावर उतरवलं. जसंच्या तसं. माय चरख्यावरून म्हणाली, "एवढं काय लिहून राह्यली त्याचं? तो काय बी बोलतो." मी उजव्या पानाकडे वळले आणि माझा हात थांबला. मला उद्याचा वर्ग दिसायला लागला. युक्ती, शिव्या, बाजार. सुनंदा नाकाला ओढणी लावणार आणि मागच्या बाकावरून कुणीतरी मेंढीसारखं ओरडणार. पुस्तकात आमचं घर पहिल्यांदाच चांगलं दिसत होतं आणि माझ्या बापाने एका दमात त्याचा खाटीकखाना करून टाकला होता. मला दादाचा राग आला. खरं सांगायचं तर राग नव्हता तो, पण त्याचं खरं नाव तेव्हा मी घेतलं नाही. मी ते पान वहीतून फाडलं, चुलीत टाकलं आणि नव्या डाव्या पानावर लिहिलं की कविता ऐकता ऐकता माझे वडील गप्प झाले. हातातलं काम थांबवून ते कळपाकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, मुक्या जिवाची माया माणसाला कळत नाही, ज्याने खांद्यावर ते ओझं वाहिलं त्यालाच कळते. भिंतीवरचा एकही शब्द मी वापरला नव्हता. खोटं लिहायला ते शब्द लागतच नाहीत.

सरांनी माझी वही वर्गात वाचून दाखवली. वाचताना त्यांचा आवाज बदलला. वर्ग इतका गप्प झाला की बाहेर पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी डबा धूत होतं ते ऐकू येत होतं. सुनंदा मान वळवून माझ्याकडे बघत होती, आणि तिची ओढणी खांद्यावर होती. सर म्हणाले, "असं डावं पान मला अजून कुणी आणून दिलं नव्हतं." मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. मला आनंद झाला. असा आनंद झाला की मधल्या सुट्टीत मी तीनदा पाणी प्यायले. आणि संध्याकाळपर्यंत मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं की दादा रडला होता.

महिनाभरानंतर अंबडला तालुक्यातल्या शाळांचा मेळावा भरणार होता. त्यात प्रत्येक शाळेच्या एका मुलाने किंवा मुलीने कवितेवर लिहिलेलं वाचून दाखवायचं. सरांनी माझं नाव दिलं. नुसतं दिलं नाही, एका संध्याकाळी सायकल मारत वाड्यावस्त्या ओलांडून आमच्या घरी आले. दादा वाडग्यात होता. सर कुंपणाबाहेरूनच म्हणाले, "तुमचं बोलणं चंद्रकलेने लिहिलंय. ते अंबडला वाचायचंय. तुम्ही यायलाच पाहिजे." पुढे बोलणार तेवढ्यात माय चहा घेऊन आली, आणि मी मध्येच काहीतरी विचारलं, अंबडला जायची गाडी किती वाजता सुटते की काय, आणि बोलणं तिकडे वळवलं. दादा मात्र वाडग्यातून बाहेर आला, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "माझं बोलणं? अंबडला?"

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट महिना आहे, आणि दादाचा बहुधा सगळ्यात चांगला. त्याने साऱ्या गावाला सांगितलं. पारावर, गिरणीत, ज्या वावरात मेंढरं बसवली त्या शेतकऱ्याला, सगळ्यांना. आणि नुसतं सांगायचा नाही तर सगळं म्हणून दाखवायचा, ओढा, पिलू, युक्ती, शिव्या, बाजार. "पुस्तकातल्या माणसाचं चुकलंय, ते मी सांगितलं. सर सायकलवर आल्ते त्याच्यासाठी, बिलकुल." लोक हसायचे, त्याला अजून सांगायला लावायचे. एकदा तर त्याने शिव्यांवाल्या वाक्यात सुधारणा केली आणि मला म्हणाला, "चंदे, हे बी घाल. पहिल्यापरीस चांगलं हाये." मी "घालते" म्हटलं. सरांनी माझ्याकडून पांढऱ्याशुभ्र कागदावर पक्की प्रत करून घेतली होती आणि त्यात दादा रडत होता. रोज शाळेत जाताना मी ठरवायची की आज सरांना सांगायचं. सर भेटले की म्हणायचे, "आवाज जरा खुला ठेव, शेवटचं वाक्य घाईत नको," आणि मी मान हलवायची. एकदा म्हटलं ताप आणावा. कांदा काखेत धरून झोपले. ताप आला नाही, नुसता कांद्याचा वास आला.

मेळाव्याच्या दिवशी दादाने नवं धोतर नेसलं, मामाच्या लग्नातला फेटा बांधला आणि आम्ही एसटीने अंबडला गेलो. एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या आणि पुढे चारदोन रांगा खुर्च्या. सरांनी दादाला पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसवलं. दादा खुर्चीच्या काठावर बसला होता, हात गुडघ्यांवर, आणि माझ्याकडे बघून त्याने हळूच मान हलवली, जशी कळपापुढच्या मेंढीला चालायचं म्हणून हलवतो तशी. माझं नाव पुकारलं. मला वाटलं होतं की माइकसमोर गेल्यावर काहीतरी होईल, कागद हरवेल, वीज जाईल. काही झालं नाही. मी वाचलं. खुल्या आवाजात, शेवटचं वाक्य घाई न करता. वाचताना मी दादाकडे बघितलं नाही, पण पहिल्या रांगेतला फेटा मला न बघताही दिसत होता. तो अजिबात हलला नाही.

मला दुसरा नंबर मिळाला. प्रमाणपत्र देताना सरांनी पाहुण्यांच्या कानात काही सांगितलं आणि पाहुणे माइकवरून म्हणाले, "या मुलीचे वडील इथे आले आहेत. ज्यांच्या डोळ्यांतलं पाणी आपण आत्ता ऐकलं, त्यांनी दोन शब्द बोलावेत." टाळ्या सुरू झाल्या. दादा उठला. चप्पल खाली काढून स्टेजवर आला, माइकपासून हातभर लांब उभा राहिला. कुणीतरी त्याला पुढे सरकवलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी आजही सांगू शकत नाही की त्या नजरेत काय होतं, मला फक्त एवढं माहीत आहे की मी मान खाली घातली. तो म्हणाला, "मी अडाणी माणूस हाये. लेकीनं लिहिलं ते बराबर हाये." आणि खाली उतरून चपला घालायला लागला. टाळ्या वाढल्या. साळवे सर रुमालाने डोळे टिपत होते.

स्टँडवर दादाने मला तिखट शेव आणि केळी घेऊन दिली. गाडीत खिडकीपाशी बसवलं. बराच रस्ता गेला, दोन्ही बाजूंना कापसाची वावरं, वेचणाऱ्या बायका घरी निघालेल्या. मला वाटत होतं की तो आता ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटत होतं. तो ओरडला नाही. माझ्या हातातल्या प्रमाणपत्राची सुटलेली गुंडाळी त्याने नीट केली आणि विचारलं, "चंदे, तो कोण व्हता गं? रडला तो."

मी केळं सोलायला लागले.

"चांगला माणूस दिसून राह्यला," दादा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला रडता आलं असतं.

गावात उतरल्यावर पारावरच्यांनी विचारलं, काय झालं, वाचलं का तुझं? दादा म्हणाला, "वाचलं ना. दुसरा नंबर आला." त्यानंतर त्याने ती ओढ्याची आणि युक्तीची गोष्ट गावात कुणालाच सांगितली नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. पान फाडून चुलीत टाकलं इथपासून दादा माइकवर काय बोलला इथपर्यंत. मला वाटलं होतं सर प्रमाणपत्र परत मागतील, माझं नाव सगळ्या वर्गापुढे घेतील. सर बाकावर बसले. कितीतरी वेळ नुसते भिंतीवरचे शब्द वाचत राहिले. मग म्हणाले, "चूक तुझी एकटीची नाही. रफीकच्या आईचं वाक्य आलं तेव्हा मी तासभर उलटसुलट प्रश्न विचारले. तुझं पान आलं तेव्हा एकही विचारला नाही. मला ते आवडलं होतं ना." थोड्या वेळाने म्हणाले, "आता परत लिही. दोन्ही पानं. पण मला नको दाखवू आधी. ज्याचं आहे त्याला वाचून दाखव. तो म्हणाला बरोबर आहे, तर माझ्याकडे आण."

मी सरांइतका कोवळ्या मनाचा शिक्षक नंतर पाहिला नाही. मी स्वतः झाले नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने असंच काही केलं तेव्हा मी त्याला झोडपून काढलं होतं, शब्दांनी, आणि घरी येऊन जेवले नव्हते. असो.

दादाची मेंढरं तेव्हा ओढ्यापलीकडच्या एका मोकळ्या वावरात बसलेली होती. दोन्ही पानं लिहून झाल्यावर मी शाळेतून परस्पर तिकडे गेले. ऊन उतरणीला लागलं होतं. दादा बाभळीखाली बसून भाकरीबरोबर जवसाची चटणी खात होता. मला बघून अर्धी भाकर पुढे केली. मी म्हटलं, "आधी वाचते." तो म्हणाला, "वाच." मी डावं पान वाचलं. सगळं आठवून लिहिलं होतं, ओढा, पिलू, युक्ती, शिव्या, सुधारलेल्या शिव्यांसकट. तो खात खात ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "चार महिन्यांनी म्हणलं व्हतं मी. तू तीन लिहिलं." मी खोडून चार केलं. शेवटी त्याने बोटं चाटली आणि मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. मी वही मिटायला लागले.

"अन् इकडल्या पानावर?" दादाने उजव्या पानाकडे बोट केलं. सरांची पद्धत त्याला मी महिन्यापूर्वी कधीतरी सांगितली होती, तो विसरला नव्हता.

मी उजवं पान वाचलं. कवी ममतेच्या नजरेने बघतो आणि मेंढपाळ अनुभवाच्या नजरेने बघतो, दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, असं काहीबाही छान जुळवून लिहिलं होतं. अजून आठवतंय, दीड पान होतं.

"हे कुणी सांगितलं?"

"माझं मीच लिहिलं."

"न्हाई," दादा म्हणाला. "हे सरांना बरं वाटाया लिहिलं." त्याने तांब्यातलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "माझं बोलणं तू त्या दिवशी लिहून घेतलंस. मी बघून राह्यलो व्हतो, घेतलंस तू. मंग फाडलंस, मायनं सांगितलं मला. घेतलंस अन् फाडलंस, त्याच्या मधी तुला काय झालं, ते लिही. तुझं पान हाये ना ते?"

मी म्हटलं, "दादा, ते नको." एक मेंढी वावराच्या बांधाकडे निघाली होती, तिला त्याने बसल्या जागेवरून ढेकूळ मारून वळवलं आणि परत माझ्याकडे तोंड करून बसला. त्याला वाचता येत नव्हतं. येत असतं तर मी लिहून वही त्याच्या हातात दिली असती आणि पळून गेले असते. मी दीड पानावर आडवी रेघ मारली. खाली एक ओळ लिहिली. लिहायला फार वेळ लागला नाही, कारण ती ओळ महिनाभर तयारच होती. मग ती मला मोठ्याने वाचावी लागली, त्याच्या तोंडाकडे बघत, बाभळीखाली, उतरत्या उन्हात.

"मला माझ्या बापाची लाज वाटली, म्हणून मी दुसरा बाप लिहिला."

दादाने उरलेली अर्धी भाकर, मघाशी पुढे केलेली, चटणी लावून माझ्या हातात दिली.

"हां," तो म्हणाला. "हे तुझं हाये."